खोडदची शांतता कोणासाठी?

जुन्नर-आंबेगावात पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की खोडदच्या दुर्बिणीचे नाव येतेच. तिच्यामुळे जवळचा मार्ग अडला, ही लोकांची तक्रार आहे. ‘या दुर्बिणीचा आम्हाला उपयोग काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ खोडदजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात.

त्यातून काय कळते, याचे एक उदाहरण मृग नक्षत्रात आहे. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला अंधाऱ्या रात्री एक धूसर ठिपका दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेले ते ताऱ्यांचे प्रसूतिगृह. तेथे वायूच्या ढगात जन्मलेले मोठे तारे अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. वायू सुमारे १०,००० अंशांपर्यंत तापतो, फुगतो आणि भोवतालचा थंड ढग दूर ढकलतो. जणू बाळच आपला पाळणा मोडते. त्यामुळे कुठे नव्या ताऱ्यांचा जन्म थांबतो, तर कुठे कडेला दाबला गेलेला वायू नवे तारे घडवतो. आकाशगंगेतील वायू झपाट्याने संपत नाही, त्याचे हेही एक कारण.

ढगातील धूळ प्रकाश अडवते, रेडिओ लहरी मात्र तिच्यातून पार होतात. त्या फार क्षीण असतात. गजबजलेल्या ओपीडीत स्टेथोस्कोपने हृदयातील बारीक मर्मर ऐकावी, तसे हे काम. मोबाइल टॉवर, विजेच्या तारांवरील ठिणग्या, विजेवर धावणारी रेल्वे हा सगळा तिथे गोंगाटच.

म्हणून दुर्बिणीला शांतता हवी, हे खरे. पण पुण्याच्या रुग्णालयात निघालेल्या रुग्णाला किंवा नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला रेल्वे ही चैन नाही. ज्ञान साऱ्या जगाचे आणि त्याची किंमत दोन तालुक्यांनी मोजायची, तर निदान कारण तरी नीट सांगायला हवे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रुग्णाला धोका समजावतात, मगच संमती घेतात. येथेही तेच व्हावे. रेल्वेमुळे नेमका किती व्यत्यय येईल, कोणत्या उपायाने तो किती घटेल, याची मोजमापे मराठीत ग्रामसभांपुढे यावीत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदचे दरवाजे सर्वांना उघडतात. तेवढ्यावर भागणार नाही.