गिरणगावचा इतिहासकार आणि आपल्या घरचा इतिहास

स्मरणिकेत संस्थापकांची छायाचित्रे असतात, देणगीदारांची नामावली असते. ते योग्यच आहे. परंतु ज्या आजोबांनी गिरणीत रात्रपाळी करून गावाकडे मनीऑर्डर पाठविली आणि त्या पैशांतून घरातले पहिले मूल शाळेत गेले, त्यांची नोंद कोठे होते? हा प्रश्न पडला की राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराचे स्मरण होते.

चंदावरकर (१९५३–२००६) केंब्रिज विद्यापीठात अध्यापन करीत असले, तरी त्यांच्या अभ्यासाचे केंद्र मुंबईचे गिरणगावच राहिले. १९०० ते १९४० या काळातील मुंबईचे भांडवलदार आणि कामगार यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणी कामगार म्हणजे शहरात बावरलेला, मुकादमाच्या मुठीतला खेडूत, हा रूढ समज त्यांनी साधार खोडून काढला. आज काम आहे, उद्या नाही, अशा अवस्थेत बदली कामगाराला गाववाल्यांची खोली, खानावळ आणि उधारी देणारा वाणी यांचाच आधार असे. संपाच्या काळात हाच शेजार लढ्याचे बळ ठरे. १९२८ चा सहा महिन्यांचा संप केवळ भाषणांवर टिकला नाही.

मात्र या एकजुटीत जातीची भिंतही उभी होती. साचेखात्यात मजुरी अधिक मिळे. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. त्याच १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न आग्रहाने मांडला. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, वर्गाचा इतिहास जातीला वगळून लिहिता येत नाही आणि तो लिहिण्याचे काम केवळ विद्यापीठांवर सोपवूनही चालणार नाही.

सरकारी आणि पोलिसी दप्तरांत कामगार आढळतो तो बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून. ही उणीव ओळखून नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत संकलित केल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाला चंदावरकरांनी विस्तृत प्रस्तावना लिहिली. कागदपत्रांत आयुष्य वेचलेल्या अभ्यासकाने बोलक्या साक्षीला दिलेला हा मान आपण ध्यानात घ्यावा.

१९८२ च्या संपातील तरुण आज वार्धक्यात आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या आठवणीही जातील. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याने येत्या सुट्टीत घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची कहाणी वहीत उतरवून घ्यावी. कोणते खाते, किती पगार, कोणाच्या खोलीत बिऱ्हाड, पाणी कोणत्या नळावर, हे सारे विचारावे. आजीलाही विचारावे, संपात चूल तिनेच पेटती ठेवली. माजी विद्यार्थ्यांनी जुनी वेतनचिठ्ठी, युनियनची पावती ग्रंथालयाकडे सोपवावी.

पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी या वह्यांतील पाने छापली जावीत. या शाळेच्या उभारणीत त्या हातांचाही वाटा आहे.