उपवासाचा हिशेब आठवड्याचा मांडा

वजन कमी करायचं ठरवलं की सोलापुरातही पहिला प्रश्न तोच निघतो: दोनदाच जेवायचं की थोडं थोडं पाचदा? डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण हा मार्ग घरोघरी पोहोचवला. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं आहेत. माझं मत स्पष्ट आहे: उतरलं ते मुख्यतः पोटात एकूण कमी गेल्यामुळे.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल माणसांना वर्षभर सारखंच मोजकं खायला सांगितलं गेलं. निम्म्यांनी ते सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं होतं. त्यांचं वजन सरासरी ८ किलोने घटलं, बाकीच्यांचं ६.३ किलोने. २०२२ साली निष्कर्ष आला, तो असा की हा फरक ठामपणे वेळेच्या खात्यावर टाकता येत नाही.

मग एक दिवस कमी, एक दिवस जास्त? आपल्याकडे सोमवार, गुरुवार, एकादशी आहेतच. शिकागोतल्या १०० माणसांच्या अभ्यासात काहींना एक दिवस गरजेच्या पाव हिस्सा आणि दुसऱ्या दिवशी सव्वापट खायला सांगितलं होतं. वर्षाअखेर वजन रोज थोडं कमी खाणाऱ्यांइतकंच उतरलं. अर्ध्यावर सोडणारे मात्र एकाआड एक दिवस कमी खाणाऱ्यांतच जास्त निघाले. आणि त्यांना कमी दिवशी खरोखर कमीच खायचं होतं. आपला कसा असतो? साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, वर तूप आणि शेंगदाण्याचं कूट. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या आजी-पणजींना वजनकाटा न बघता सुचली.

म्हणून सांगतो, हिशेब एका उपवासाचा नाही, आठवड्याचा मांडा. शेंगाचटणी सोडू नका, चमच्याने मोजून घ्या. ती आपली आहे, आणि कडक भाकरी, डाळ, पालेभाजी यांच्याबरोबर ती ताटात शोभतेही. पण चटणीवर तेलाची धार धरताना एवढं ध्यानात असू द्या, की एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, अर्ध्याहून जास्त भाकरी.

वेळेला काहीच किंमत नाही, असं नाही. बोस्टनमधल्या एका अभ्यासात तेच अन्न सुमारे चार तास उशिरा दिल्यावर भूक वाढली आणि शरीराचा खर्च घटला. माणसं सोळाच होती, पण अनुभवाशी जुळतं. दुकानाचं शटर ओढून साडेदहाला जेवणाऱ्यांनी डबा मागवून आठलाच गल्ल्यामागे जेवून घ्यावं. यंत्रमागावर रातपाळी असलेल्यांना हे जमणार नाही, त्यांनी कामावर निघण्याआधी पोटभर जेवावं. रात्रभर साखरेच्या चहाबरोबर जाणारी बिस्किटं तेवढी तोडावीत.

एक कळकळीची विनंती. घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर शेजाऱ्याचं बघून जेवण बंद करू नका. गोळी तीच आणि जेवण नाही, अशाने साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणसाची शुद्ध हरपते. आधी डॉक्टरांकडे जाऊन उपवासाच्या दिवशीचा डोस लिहून घ्या.