अनुदानाचा अर्ज आणि भरवशाचा जोडीदार

कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणारी आगगाडी तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? थळ घाटात लोहमार्ग दर ३७ मीटरला १ मीटर चढतो. एवढा चढ पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही. म्हणून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. इगतपुरी आली की बँकर सुटतात आणि गाडी पुढे जाते. मात्र त्यांची जोडणी तपासल्याशिवाय कोणी गाडी घाटात सोडत नाही.

शाळेने एखादे मोठे काम हाती घेतले, की तिलाही असाच बँकर लागतो. तो निवडताना आपण जोडणी तपासतो का? माझ्या मते, फारशी तपासत नाही.

एक उदाहरण घेऊ. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्यात, पूर्वेला सिन्नरकडे, त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. हा फरक नेमका कोठे आणि कसा पडतो, हे जाणण्यासाठी जागोजागी पर्जन्यमापके हवीत. दारणेचे पाणी पुढे गोदावरीला मिळते. तेव्हा या आकड्यांशी खालच्या गावांचाही संबंध आहे. समजा, इगतपुरी, घोटी आणि सिन्नर येथील शाळांनी मिळून स्वयंचलित पर्जन्यमापके बनवायचे ठरवले. त्यासाठी पैसा हवा. विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी 'इन्स्पायर-मानक' योजनेत १०,००० रुपये ठेवलेले आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. पण पैसा मिळाला तरी मंडल कोण जुळवणार, सुटे भाग कोठून आणणार, चूक कोण दाखवणार? येथे जोडीदार लागतो.

बहुतेक अर्जांत जोडीदार कसा येतो? कोणीतरी ओळखीने एखाद्या नावाजलेल्या संस्थेचे पत्र आणतो, किंवा साहित्य विकणारा दुकानदारच "सर, तुमचा अर्ज आम्हीच लिहून देतो" म्हणतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेत असेच हवामानाचे एक यंत्र आले. डबा राळेने बंद केलेला, आराखडा नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ते बंद पडले. विकणारा फोन घेईना. ते आज कपाटावर धूळ खात आहे, आणि आत काय बिघडले हे कोणालाच कळलेले नाही.

यावर एक उपाय आहे, तो म्हणजे खुला आराखडा. ज्या यंत्राचे नकाशे, भागांची यादी व आज्ञावली कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो आणि त्यावरून नवे यंत्र बनवू व विकूही शकतो, त्याला 'ओपन हार्डवेअर' म्हणतात. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली जन्मलेला आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक पट्टा असाच आहे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन केंद्राने २०११ साली अशा आराखड्यांसाठी खास परवानाच तयार केला. आराखडा खुला असला, की जोडीदाराची परीक्षा घेता येते.

ती कशी, ते पाहा. आपल्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे आहे. म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ३१.४ मिलिलिटर पाणी जमते. आत तराजूसारखी झुलणारी दोन छोटी पात्रे असतात. एक पात्र ६.२८ मिलिलिटरला, म्हणजे ०.२ मिलिमीटर पावसाला, भरून कलंडते. त्याबरोबर चुंबक फिरतो, स्विच मिटतो आणि एक नोंद होते. आता ३१४ मिलिलिटर पाणी हळूहळू ओता. ५० नोंदी व्हायला हव्यात. तेच पाणी भरभर ओता. नोंदी कमी होतात, कारण पात्र कलंडत असताना पडलेले पाणी मोजलेच जात नाही. इगतपुरीच्या धुवांधार पावसात हीच चूक मोठी होईल.

जो म्हणेल, "आमचे यंत्र अगदी बिनचूक आहे," त्याच्यापासून सावध राहा. जो म्हणेल, "जोराच्या पावसात आमच्या नोंदी कमी पडतात, किती, ते आपण मोजू आणि दुरुस्तीचा तक्ता करू," त्याचा हात धरा. आपली चूक आधी सांगणारा माणूसच भरवशाचा, असे मला वाटते.

"नाव मोठे असले की अर्ज मंजूर होतो," असे काही शिक्षक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. तपासणाऱ्यालाही खात्री हवी असते. पण ती खात्री कामानेही देता येते. पुणे जिल्ह्यातील पाबळचे उदाहरण घ्या. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या खेड्यात विज्ञान आश्रम सुरू केला. मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामे हातांनी करून शिकू लागली. २००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेच्या साहाय्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक होय. त्याआधीची १९ वर्षे पाबळचे काम कोणालाही जाऊन पाहता येत होते.

म्हणून अर्जाआधी जोडीदाराबरोबर एक छोटे काम करावे. एकच पर्जन्यमापक, पदरच्या थोड्या पैशांत, एका पावसाळ्यासाठी. कोणी वेळेवर येतो, कोणी टाळतो, हे चार महिन्यांत समजते. मग पैसा कोणाच्या खात्यात राहील, हिशेब कोण ठेवील, यंत्र बिघडल्यास कोण पाहील आणि आराखडा सर्वांना खुला राहील, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे म्हणून लिहिणे टाळू नये. लिहिल्याने मैत्री टिकते.

आणि एक गोष्ट. समोरच्यालाही आपली पारख करायची असते. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा ठरले, तर रविवारी आणि गणपतीच्या सुटीतही कोणीतरी मोजलाच पाहिजे. एखादा दिवस चुकला, तर वहीत 'नोंद नाही' असे लिहावे. अंदाजाने आकडा भरू नये. अशी एका पावसाळ्याची वही अर्जाला जोडून पाहा. पुढच्या जूनच्या आत शाळेत यावर बोलणी करा आणि पहिले नरसाळे बसवा.