काठीची ताकद आणि मनगटाची ताकद



पंचगंगेच्या घाटावर किंवा कळंब्याच्या काठावर वेळूची काठी, तंगूस आणि कणकेची गोळी घेऊन तासन्‌तास बसणारी मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्या गळाला ताकद लागत नसे, धीर लागे. आता त्यांच्याच वाढदिवसाला मुले-नातवंडे रीळ बसवलेली आधुनिक काठी आणि क्रँकबेटची पेटी भेट देतात. भेट प्रेमाची असते. परंतु काठी निवडताना ‘मोठा मासा लागला तर मोडू नये’ एवढाच विचार झालेला असतो. मग पंधरा दिवसांत मनगट, कोपर किंवा खांदा धरून आजोबा दवाखान्यात येतात आणि घरचे म्हणतात, ‘आता हे बंदच करा.’ बंद करण्याची गरज क्वचितच असते. गरज असते ती योग्य काठीची.

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा बनवलेला छोटा मासा. त्याच्या तोंडाशी एक पाती असते. रीळ फिरवून तो ओढला, की पाती पाणी कापते आणि तो हेलकावे घेत खाली जातो. मरळीसारखा शिकारी मासा त्यावर झडप घालतो. येथे वेळूच्या काठीपेक्षा वेगळ्या दोन गोष्टी घडतात. एक, हे आमिष पुनःपुन्हा दूर फेकावे लागते. सकाळभरात शंभर फेकी सहज होतात. दोन, ओढताना पाण्याचा अडथळा हातावर सतत जाणवत राहतो. पाती जितकी लांब आणि आमिष जितके मोठे, तितका हा ताण अधिक. हाताला दुखणे होते ते बहुधा मासा लागल्यामुळे नव्हे, मासा न लागताही चालणाऱ्या या कष्टामुळे.

काठीची ‘पॉवर’ म्हणजे ती वाकवायला किती जोर लागतो, हे सांगणारे माप. मुठीच्या वर इंग्रजी अक्षरांत ते छापलेले असते: एल म्हणजे लाइट, एमएल मीडियम लाइट, एम मीडियम, एमएच मीडियम हेवी आणि एच हेवी. ‘अ‍ॅक्शन’ ही त्याहून निराळी बाब. काठी कोठून वाकते, हे ती सांगते. फास्ट काठी फक्त शेंड्याशी वाकते. मॉडरेट काठी मध्यापर्यंत कमानीसारखी वाकते.

क्रँकबेटसाठी सर्वसाधारणपणे मीडियम पॉवर आणि मॉडरेट अ‍ॅक्शन योग्य मानतात. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या आमिषाला तीन टोकांचे बारीक गळ असतात. काठी फार ताठ असेल तर झडप बसताच गळ माशाच्या तोंडातून फाटून निसटतो, आणि तोच हिसका उलट दिशेने आपल्या मनगटात उतरतो. कमानीसारखी वाकणारी काठी हा हिसका स्वतः पिऊन टाकते. जी काठी माशाला धरून ठेवते, तीच वृद्ध सांध्यांना सांभाळते, हा या विषयातील मोठा सुयोग आहे.

उलट, फार मऊ काठीही उपयोगाची नाही. मोठ्या पातीचे आमिष ओढताना ती सतत पूर्ण वाकलेली राहते आणि तिची उणीव खांदा भरून काढू लागतो. म्हणून आमिषाचे वजन पाहावे. काठीवर तिला पेलणाऱ्या आमिषाचे वजन ग्रॅममध्ये किंवा औंसात लिहिलेले असते. 1 औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. मीडियम काठीवर बहुधा 7 ते 18 ग्रॅमच्या आसपासचे आकडे दिसतात. मात्र प्रत्येक कंपनीचे ‘मीडियम’ सारखे नसते. अक्षरापेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवावा.

ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, ज्यांची बोटे रात्री बधिर होतात किंवा ज्यांचा खांदा पूर्वी आखडला होता, त्यांना माझा सल्ला असा: मीडियम लाइट काठी घ्या आणि तिला साजेशी 7 ते 10 ग्रॅमची, आखूड पातीची आमिषेच वापरा. खोल जाणारी मोठी आमिषे आणि त्यांच्यासाठी लागणारी मीडियम हेवी काठी तरुणांसाठी सोडून द्यावी. हौसेची मर्यादा माशाच्या आकाराने नव्हे, आपल्या मुठीच्या ताकदीने ठरवावी.

विकत घेण्यापूर्वी काठीला रीळ बसवून आजोबांच्याच हातात द्या. रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर काठी तोलून पाहा. शेंडा खाली झुकत असेल, तर मनगट दिवसभर त्याच्याशी झुंजेल. नंतर काठी एक मिनिट समोर आडवी धरायला सांगा. हात थरथरला किंवा दुखला, तर ती काठी त्यांची नव्हे. मूठ मागे इतकी लांब असावी, की तिचे टोक कोपराखाली टेकवता येईल; त्यामुळे भार मनगटाऐवजी संपूर्ण हातावर वाटला जातो. लांबी साडेसहा ते सात फूट पुरे. जास्त लांब काठी आमिष दूर फेकते, पण हातावरचा ताणही वाढवते.

रिळाकडेही लक्ष हवे. त्यावर 5:1 किंवा 7:1 असे प्रमाण लिहिलेले असते. चढावर सायकलचा हलका गिअर टाकतो, तसे 5:1 चे रीळ फिरवायला हलके जाते. क्रँकबेटला तेच साजते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसल्यावर तंगूस सुटू लागावा हे ठरवणारी चकती, तंगुसाच्या ताकदीच्या सुमारे पावपट ठेवावी. 10 पौंडांच्या तंगुसाला साध्या ताणकाट्यावर सव्वा किलोच्या आत-बाहेर. आमिष दोन्ही हातांनी फेकावे, मनगटाला झटका देऊ नये, आणि दर वीस मिनिटांनी काठी खाली ठेवून बोटे उघडमिट करावीत.

आता काही सावधानतेच्या गोष्टी. कार्बनची, म्हणजेच ग्रॅफाइटची काठी वजनाला हलकी असते, परंतु तिच्यातून वीज वाहते. आपल्याकडे नदीकाठी शेतीपंपांच्या तारा जागोजागी आहेत. तारेखाली काठी उभी धरू नये, फेकू तर नयेच. ढग गडगडू लागताच काठी आडवी ठेवून आडोशाला जावे. फायबर ग्लासची काठी थोडी जड असली तरी अधिक लवचिक असते; मात्र ओली झाल्यावर तीही सुरक्षित मानू नये.

तीन टोकांच्या गळाचे उलटे काटे पकडीने आधीच दाबून टाकावेत. डोळ्यांवर चष्मा असावा. गळ अंगात रुतल्यास तंगूस कापून डॉक्टरांकडे यावे. ओढाओढ करू नये. डोळ्याला लागल्यास गळाला हातही न लावता, डोळ्यावर दाब पडणार नाही असा कागदी पेला अलगद धरून रुग्णालय गाठावे. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जखम लहान असली तरी नदीच्या अस्वच्छ पाण्यात बुडवू नये, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उभे राहण्यापेक्षा काठावर खुर्ची बरी. सोबतीला कोणीतरी हवेच, आणि मधुमेहींच्या खिशात साखर हवी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण नदी चढू लागली की इशाऱ्याची वाट न पाहता काठी घरीच ठेवावी. तलावावर जाण्यापूर्वी तेथे ठेका कोणाचा आहे, हे विचारून परवानगी घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. काठी फेकून दुखणारा हात दाबल्यावर किंवा हलवल्यावर अधिक दुखतो. परंतु छातीत दडपण, घाम, धाप किंवा जबड्याकडे व डाव्या हातात जाणारी कळ असेल, तर ‘काल जास्त वेळ काठी फिरवली’ असे म्हणून बाम चोळत बसू नका. तसेच एका हातातील काठी अचानक गळून पडली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो थकवा नव्हे. दोन्ही वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. छंदाच्या नावाखाली वाया गेलेला एक तास महागात पडतो.

घरच्यांना एवढेच सांगणे: आजोबांची काठी काढून घेण्याआधी ती बदलून पाहा. पहाटेची मोकळी हवा, पाण्यावर खिळलेली नजर आणि शेजारी बसलेले नातवंड हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.