प्राचार्यांचे गहाणखत

१९४८ च्या जुलैत, आमच्या शिरूर कासारसह सारा बीड जिल्हा अद्याप निजामाच्या अमलाखाली असताना, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. पुढे हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्याची पात्रता असूनही खर्चाची तजवीज होईना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ च्या जुलैत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्याचे, खाशाबांच्या गळ्यात पडले. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते कर्ज फेडले, हे मला पदकाइतकेच थोर वाटते. पुढे पोलीस खात्यात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू आणि अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर. सरकारदरबारची ही दिरंगाई अक्षम्य होय.

कुणा प्राचार्यांवर पुन्हा घर गहाण ठेवण्याची वेळ येऊ नये म्हणून, आईबापांसह ऊसतोडीच्या मुलखात वर्षाचे कित्येक महिने काढून आमच्या तालुक्यातील जी मुले महाविद्यालयाची पायरी चढतात, त्यांच्यातील धावपटू व मल्ल यांच्या खुराकाची आणि प्रवासखर्चाची तरतूद संस्थाचालकांनी वार्षिक अंदाजपत्रकातच करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.