बाजारातली पिशवी, समुद्रातला कचरा

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी 2015 मध्ये प्लास्टिक उचलायला सुरुवात केली, तेव्हा ते सगळे मुंबईकरांचेच पाप, असे विदर्भात अनेकांना वाटले असेल. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण पाण्याची वाट पाहा. इथली अडाण नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर.

आठवडी बाजार उठल्यावर नालीच्या तोंडाशी काय साचते ते कुणीही पाहावे: मिरची-कोथिंबिरीच्या पातळ पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप आणि त्यातच तोंड घालून उभी असलेली गाय. मृगाच्या पहिल्या दणक्याला हे सारे नाल्यात उतरते. काही काठच्या बाभळींना अडकते, काही शेतात पसरते, उरलेले पुढे जाते.

राज्यात प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे. देशभर एकदा वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून बंदी आली. तरी पातळ पिशवी मिळतेच. भाजीवालीला दंड करून हा प्रश्न सुटणार नाही, तिला पिशवी पुरवणारा ठोक व्यापारी धरला पाहिजे. समृद्धी महामार्गामुळे शेलूबाजारची वर्दळ वाढली आहे, तेव्हा कचराही वाढणारच. ग्रामपंचायतीने बाजाराच्या दिवशीच, अंधार पडण्याआधी, कचरा उचलावा आणि नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवाव्यात. मृगाआधी.