लांबीचे राजकारण, घर्षणाचा विसर

बन्नीमंटपावर दसऱ्याची सवारी पाहायला देशभरातून लोक येतात. म्हैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळावर मात्र 1,740 मीटरच्या धावपट्टीला झेपतील तेवढीच विमाने उतरतात. ती वाढवण्याची मागणी रास्तच आहे. पण केवळ लांबी म्हणजे सुरक्षितता नव्हे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास दुप्पट लांब. तरीही 1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले विमान ती ओलांडून गेले. 21 जुलै 2025 रोजी कोचीहून आलेले विमान पावसातच धावपट्टीबाहेर घसरले.

चाकाखालचे पाणी वेळेत निसटले नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक निरुपयोगी ठरतात. टायरमधील दाब चौरस इंचाला 200 पौंड असेल, तर ताशी सुमारे 235 किलोमीटरच्या पुढे हा धोका संभवतो. प्रवासी जेट अनेकदा याहून अधिक वेगानेच टेकते.

पाण्याचा निचरा, आडव्या खाचा, साचलेले रबर खरवडणे आणि घर्षणाची नियमित मोजणी हे त्यावरील उपाय. विस्ताराची कोनशिला बसते; खरवडण्याची बसत नाही. म्हणूनच धावपट्टीसाठी निधी मागणाऱ्या खासदारांनी पावसाळ्यापूर्वीच्या घर्षणमापनाचा हिशेबही सभागृहात मागितला पाहिजे.